सेव्हर्नची ओटी

आमच्या गावात पूर सांगून यायचा. डोंगर वेल्समध्ये, बर्फ त्या डोंगरांवर, आणि आम्ही खाली श्रॉपशरमध्ये, सेव्हर्न नदीच्या एका आळशी वळणावर. मार्चमध्ये एखादं उबदार वादळ आलं आणि वर बर्फावर पाऊस पडला, की ते सगळं पाणी आमच्याकडे यायला निघायचं. पण निघालं म्हणजे लगेच पोचलं असं नाही. वाटेतली कुरणं, शेतं, लहानमोठी गावं बघत बघत ते दोन दिवसांनी पोचायचं. तोवर आमच्याकडे लख्ख ऊन पडलेलं असायचं, डॅफोडिल्स डोलत असायचे, आणि फोनवर एक रेकॉर्ड केलेला आवाज अतिशय शांतपणे सांगायचा की तुमच्या रस्त्याला पुराचा धोका आहे. एवढा वेळ हाताशी असला तर शहाणी माणसं तयारी करतात. आमच्या घरी भांडणं व्हायची.

आता मी रीडिंगला राहते. इथे थेम्स आहे, मोबाइलवर पिवळे-तांबडे इशारे येतात, आणि हल्ली तर वादळांची बारशीही करतात. मागच्या मार्चमध्ये असंच एक नाव ठेवलेलं वादळ आलं, तेव्हा ऑफिसमधल्या एका मुलाने मला विचारलं, "तुम्हाला फ्लडची भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "पाण्याची नाही वाटत. नारळाची वाटते." त्याला काही कळलं नाही, आणि माझी ट्रेनची वेळ झाल्यामुळे मला सांगताही आलं नाही. म्हणून इथे सांगते.

बाबा तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. दिवसभर लोकांना झोपवून ते घरी यायचे आणि मग स्वतः सोफ्यावर झोपायचे. नदीकाठी घर घेऊ नका असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. आईने सांगितलं, एजंटने सांगितलं, इतकंच काय, ज्याने घर विकलं त्या भल्या माणसानेही आडून आडून सुचवलं. पण घर बघायला गेले तेव्हा मागच्या दारातून बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला आणि सांगलीत जन्मलेला हा माणूस जागच्या जागी विरघळला. "अगं, हा कृष्णेचा आवाज आहे," ते म्हणाले. आई पुण्याची. ती म्हणाली, "मुठेला कसलाच आवाज नाही, आणि आमचं काही अडलं नाही." घर अर्थातच घेतलं गेलं. फेरी लेन नावाची ती गल्ली नदीकडे उतरत जायची. आमचं घर साधारण मधल्या उंचीवर होतं, आणि सगळ्यात खाली, पाण्याला खेटून, मिस्टर प्रिचर्ड यांचं.

नारळाची ही गोष्ट घडली त्या वर्षी आमच्याकडे आत्या होती. कमल, बाबांची मोठी बहीण. बाबा लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा या बहिणीने, जी स्वतःच शाळेत होती, त्यांना वाढवलं, शिकवलं आणि वेळप्रसंगी झोडपलं. लग्न करून ती हाउन्सलोला आली आणि विमानतळाजवळच्या एका प्रचंड किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या कामाला लागली. "अर्ध्या जगाला जेवू घातलंय मी, तेही आकाशात," असं ती सांगायची. पुढे काका गेले, ती रिटायर झाली आणि फ्लॅटमध्ये एकटी राहू लागली. एकदा बाबांनी फोन केला तर ती टीव्हीवर बातम्या देणाऱ्या माणसाशी कडाकडा भांडत होती. दुसऱ्याच दिवशी बाबा गाडी घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. तिने आता कायमचं आमच्याकडे राहावं असं त्यांच्या मनात होतं. "थंडीपुरती आलेय. पाडव्याची गुढी उतरवली की मी चालले," असं तिने दारातच जाहीर केलं आणि आपली निळी बॅग जिन्याखाली ठेवली. आईने कपाटाचा अख्खा कप्पा तिच्यासाठी रिकामा केला होता. पण आत्या सकाळी बॅगेतून साडी काढायची, नेसायची आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून पुन्हा बॅगेत ठेवायची. कपाटाच्या कप्प्यात शेवटी माझे स्केट्स गेले. ती बॅग मला मुळीच आवडायची नाही. शाळेतून आल्यावर मी आधी जिन्याखाली डोकावून ती तिथेच आहे ना ते बघायचे, आणि दिसली की बरं वाटायचं आणि रागही यायचा.

आत्याला जायचं का होतं, तर आई तिच्याशी फार चांगली वागायची म्हणून. आई फार्मसिस्ट होती. तिचं सगळं मोजूनमापून असायचं. रविवारी ती आठवड्याच्या भाज्या करायची, डब्यांत भरायची, डब्यांवर नाव-तारीख लिहायची आणि फ्रीझरमध्ये रचायची. नवं किचन तिने नुकतंच बसवून घेतलं होतं, पांढरंशुभ्र, दवाखान्यासारखं. त्या किचनमध्ये आत्या शिरली रे शिरली, की आई अदबीने म्हणायची, "वन्सं, तुम्ही बसा." आत्याने भाजी चिरायला घेतली, "वन्सं, तुम्ही बसा हो." आत्याने कप विसळला, "अहो वन्सं, डिशवॉशर आहे ना, तुम्ही बसा." शेवटी एकदा आत्या म्हणाली, "शुभा, बसवून बसवून माझा गणपती केलास. आता दीड दिवसाने विसर्जन कर म्हणजे झालं." आई शरमली, आणि तिने लगेच आत्याच्या पाठीशी उशी आणून ठेवली.

आई कामावर गेली की मात्र घराचा रंग पालटायचा. शाळेला सुट्टी असली की आत्या मला दारावर पहारा द्यायला बसवायची आणि तव्यावर थालीपीठ लावायची. कांदा, हिरवी मिरची, मध्ये बोटाने पाडलेली भोकं, भोकांत तेल. थालीपीठ खमंग होतंय हे आम्हाला स्मोक अलार्मवरून कळायचं. तो केकाटायला लागला की मी खुर्चीवर चढून टी-टॉवेलने वारा घालायचे आणि आत्या खालून ओरडायची, "त्याला सांग, झालंच, उलटतेय!" मग आम्ही खिडक्या उघडून, नदीचा आवाज ऐकत, लोण्याबरोबर ते थालीपीठ खायचो. संध्याकाळी आई घरात पाऊल टाकताच नाक वर करायची. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर भाजणीचं नवं पाकीट ठेवलेलं असायचं. हे पाकीट तिथे कोण ठेवतं हे विचारायचं आम्हा दोघींना कधी सुचलं नाही.

मिस्टर प्रिचर्ड हे गल्लीचे पूरप्रमुख. रिटायर झालेले, एकटे, उंच, आणि पिवळं चकचकीत जॅकेट घालून गळ्यात शिट्टी अडकवलेले. धोक्याचा इशारा आला की ते गल्लीभर फिरून दारंखिडक्या वाजवायचे, वाळूची पोती वाटायचे आणि भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची उंची बघून मान हलवायचे. आत्याला त्यांचं काही विशेष वाटायचं नाही. पूर म्हणजे काय हे सांगलीच्या बाईला कोण सांगणार? "आमच्याकडे आयर्विन पुलाला पाणी किती लागलं त्यावर सगळं गाव उठायचं-बसायचं," ती म्हणायची. "हा एकटाच शिट्टी घेऊन फिरतो. ह्याचं ऐकतं कोण?" आणि नदी बघून तर ती नाक मुरडायची. "ही नदी? आमच्याकडे हिला ओढा म्हणतील."

पाडवा जेमतेम आठवड्यावर आला आणि शनिवार-रविवार ते वादळ आलं. उबदार, ओलसर, झाडं पिळून काढणारा वारा. सोमवारी सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आणि फोन वाजला. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून मी ओरडले, "आत्या, पूर आली!"

"पूर आला," आत्याने मला दुरुस्त केलं. "आला का येणार आहे?"

"येणार. उद्या."

"उन्हात? वर धरण कुठलं फुटलं?"

"वन्सं, धरण नाही," आई म्हणाली. "वेल्समधला स्नो मेल्ट होतोय. अ‍ॅम्बर वॉर्निंग आहे."

"बर्फ वितळून पूर?" आत्या मनापासून हसली. "म्हणजे फ्रीज डीफ्रॉस्ट केल्यावर फडकं लागतं तेवढा." पण लगेच चपला अडकवून ती मागच्या दाराने नदीवर गेली, आणि परत आली तेव्हा हसत नव्हती. "पाण्याचा रंग बदललाय," ती पदर खोचत म्हणाली. "वरून निघालंय. चला, सामान माडीवर."

मग जी भांडणं झाली ती काही विचारू नका. आई म्हणाली, आधी फ्रीझर. आत्या म्हणाली, आधी देव, मग पीठं, मग माणसं. बाबा हॉस्पिटलमधून दोन ऑपरेशनांच्या मध्ये फोन करून विचारायचे, "माझे अल्बम नेले का?" फ्रीझर काही हलेना, म्हणून आईने त्यातले सगळे डबे वर नेऊन बाथटबमध्ये रचले. टबभर फ्लॉवर-बटाटा, मटकी, पालक, सगळं तारखेनिशी. संध्याकाळपर्यंत ते वितळायला लागलं, त्यामुळे पुराला तोंड देण्याऐवजी आम्ही जेवायलाच बसलो. आठवड्याचं जेवण एका दिवसात संपवायचं होतं. पण त्या सगळ्या गडबडीत मी एक गोष्ट बघितली. आत्याने सगळ्यात आधी, देवांच्याही आधी, आपली निळी बॅग उचलून वर नेली होती. आईनेही ते बघितलं. "राहायचंच नाहीये वाटतं त्यांना," ती पाठमोरी असतानाच म्हणाली, आणि मटकीचा डबा उगाच जोरात आपटला.

मंगळवारी दुपारी मी आणि आत्या दारात उभ्या होतो. मिस्टर प्रिचर्ड पोती लावत गल्ली चढून येत होते. अचानक ते थांबले आणि त्यांनी एक बोट वर केलं. आत्यानेही त्याच क्षणी बोट वर केलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेच तर त्यांना ऐकू आलं होतं. बंधाऱ्याचा आवाज थांबला होता. खालचं पाणी इतकं चढलं होतं की बंधारा बुडाला होता, आणि पडायला पाण्याला जागाच उरली नव्हती.

"स्टॉप्ड," मिस्टर प्रिचर्ड म्हणाले.

"स्टॉप," आत्या म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे जरा आदराने बघितलं. मग आत्या आत आली आणि आईला म्हणाली, "शुभा, हातातलं ठेव. ओटी भरायची."

सांगलीकडे नदी अशी चढायला लागली की तिची ओटी भरतात. माहेरवाशिणीला देतात तसा खण, नारळ, तांदूळ, बांगड्या, हळदकुंकू तिला द्यायचं आणि म्हणायचं, बाई, आता मागे फिर. पण आत्याचे यजमान गेलेले, आणि ओटी सवाष्णीनेच भरायची असं तिचं ठाम मत. "तुम्हीच भरा ना वन्सं," आई म्हणाली. "तुमच्या हाताने भरली तर नदीला काय फरक पडतो? मी नाही मानत असलं काही."

"मी मानते ना," आत्या म्हणाली. "म्हणून तू भर."

आईने एकदा आपल्या पांढऱ्याशुभ्र किचनकडे बघितलं. मग मुकाट्याने वर गेली आणि साडी नेसून आली. खाली वेलिंग्टन बूट, वर रेनकोट, मध्ये पैठणी. आत्याने बॅगेतून हिरवा खण काढला, आणि हाउन्सलोहून खास गुढीसाठी आणलेला नारळ. सामान सुटं वाहून गेलं तर नदीला एकेक वेचावं लागेल, म्हणून तिने ते सगळं त्या खणात घालून पक्की गाठ मारली. ही गाठच पुढे नडली.

गल्लीच्या टोकाला दगडी पायऱ्या होत्या. खालच्या सगळ्या पाण्यात गेल्या होत्या. तपकिरी पाणी फांद्या, बादल्या आणि कुणाची तरी बागेतली खुर्ची घेऊन सुसाट चाललं होतं. आईने हळदकुंकू वाहिलं, गाठोडं दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडलं आणि पुण्याच्या माणसाला शक्य तेवढ्या नम्रपणे नदीला म्हणाली, "प्लीज." मी हात जोडले. गाठोडं दोन हात पुढे गेलं, गर्रकन फिरलं आणि पुन्हा काठाकडे येऊन भिंतीच्या आडोशाला दिसेनासं झालं. "घेतलं," आत्या समाधानाने म्हणाली. "बघितलंस, हात पुढे करून घेतलं."

नदीने घेतलं नव्हतं. त्या भिंतीत गल्लीच्या गटाराचा मोठा पाइप नदीत उघडतो. त्याच्या तोंडावर एक लोखंडी झडप असते. गल्लीतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, आणि नदी चढली की तिच्याच दाबाने झडप बंद होते, म्हणजे नदीचं पाणी उलटं गल्लीत येत नाही. आमचा नारळ, खणासकट, बांगड्यांसकट, त्या झडपेत जाऊन बसला. नदी चढली, झडप मिटायला गेली, मिटेना. पाणी पाइपातून उलटं शिरलं आणि गल्लीतल्या सगळ्यात खालच्या घराच्या मागच्या अंगणात वर आलं. मिस्टर प्रिचर्ड तेव्हा गल्लीच्या तोंडाशी शिट्टी फुंकून गाड्या वळवत होते. समोरून येणाऱ्या पुराकडे डोळे लावून बसलेल्या त्या माणसाच्या किचनमध्ये पूर मागच्या दाराने येऊन बसला.

वाईट याचं वाटतं की त्या वर्षी नदी काठ ओलांडून आलीच नाही. पायऱ्यांच्या सगळ्यात वरच्या दगडापर्यंत आली आणि थांबली. आमच्या दाराशी लावलेली पोती कोरडी ठणठणीत राहिली. "मानली," आत्या बाबांना सांगत होती. "इंग्लिश असली तरी बाईच ती. मानली." बाबाही खूश. आईसुद्धा, मानत नसली तरी, पैठणीची घडी करताना गुणगुणत होती.

बुधवारी पाणी उतरलं. सकाळी आम्ही चहा पीत असताना दार वाजलं. दारात मिस्टर प्रिचर्ड, मांडीपर्यंत चिखलाने माखलेले, आणि त्यांच्या हातात हिरव्या खणाचं ते गाठोडं. त्यातून पाणी गळत होतं आणि एक बांगडी लोंबत होती.

"गुड मॉर्निंग, डॉक्टर," ते म्हणाले. "आय डोन्ट सपोज धिस इज युअर्स?"

हे तुमचं तर नसेल ना, असं ते विचारत होते. मागाहून कळलं की आमच्याकडे यायच्या आधी त्यांनी गल्लीतल्या एकूण एक घरी जाऊन हाच प्रश्न विचारला होता. सरळ आमच्याकडे येणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं असणार. झडपेत हे अडकलं होतं, त्यामुळे आपल्या किचनमध्ये घोट्याच्या वर पाणी आलं, हेही त्यांनी जणू त्यांचीच चूक असल्यासारखं सांगितलं. आईच्या हातातला कप तसाच राहिला. बाबा आयुष्यभर लोकांना शुद्धीवर आणत आले होते, पण त्या क्षणी त्यांचीच गेली.

"अपस्ट्रीमवरून वाहत आलं असेल," बाबा म्हणाले.

मिस्टर प्रिचर्डनी विचार केला. "फ्रॉम वेल्स?"

"वेल्समध्ये बरेच इंडियन डॉक्टर्स आहेत," बाबा घाम पुसत म्हणाले.

मिस्टर प्रिचर्डनी मान डोलावली. शक्य आहे, म्हणाले. ते आता गाठोडं घेऊन परत जाणार, एवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. विमानतळाच्या किचनमध्ये शेकडो बायकांवर चालवलेला तो आवाज.

"नो वेल्स," आत्या म्हणाली. "माय कोकोनट."

बाबा "अगं कमलताई" करत राहिले, पण ती पुढे झाली. "रिव्हर इज लेडी," तिने समजावलं. "अँग्री लेडी. आय गिव्ह ब्लाउज पीस, कोकोनट. फॉर होल स्ट्रीट. फॉर यू ऑल्सो."

मिस्टर प्रिचर्ड गाठोड्याकडे बघत राहिले. आमच्या गल्लीसाठी इतकी वर्षं ते एकटेच काहीतरी करत आले होते. त्यांच्यासाठीही कुणी काही केलंय हे बहुधा त्यांना नवीन होतं. "अँड डिड शी लाइक इट?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"शी टुक युअर किचन," आत्या कशीबशी म्हणाली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही. नाक ओढून तिने खुंटीवरचा बाबांचा रेनकोट काढला, अंगात घातला आणि म्हणाली, "आय क्लीन."

खाली त्यांच्या घरी गेलो तर किचनभर चॉकलेटी गाळ. मिस्टर प्रिचर्डनी एकुलती एक कोरडी खुर्ची तिच्यासाठी पुढे केली. "प्लीज, सिट डाउन."

"नो सिट!" आत्या इतक्या जोरात ओरडली की ते स्वतःच खुर्चीत बसले. मग तिने फावडं मागितलं. गाळ ओला आहे तोवर ओढायचा, वाळला की तो दगड होतो, हे सांगलीत पोराटोरांनाही ठाऊक असतं. आईने तोंड उघडलं, "वन्सं, तुम्ही ब..." आणि गिळून टाकलं. तिने बाह्या सारल्या आणि दुसरं फावडं घेतलं. दिवसभर त्या दोघी वाकून शेजारी शेजारी गाळ ओढत होत्या, एकमेकींना "इकडे राहिलं, तिकडे राहिलं" करत होत्या, आणि चिखल इतका उडत होता की कोण पुण्याची आणि कोण सांगलीची ते ओळखू येत नव्हतं. मी आणि मिस्टर प्रिचर्ड अंगणात बादल्या ओतत होतो. दुपारी वितळलेल्या फ्लॉवर-बटाट्याचे शेवटचे डबे आम्ही तिथेच पायरीवर बसून संपवले. मिस्टर प्रिचर्डनी डब्यावरची तारीख वाचली आणि एवढी नेटकी व्यवस्था आपण सैन्यातही बघितली नाही असं म्हणाले, तेव्हा आई लाजली.

पाडव्याला त्यांनी तो खण धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला. आम्ही तो गुढीला बांधला. संध्याकाळी गुढी उतरवली. बाबांनी गाडीची किल्ली घेतली, परत ठेवली, परत घेतली. मी जिन्यावर बसले होते. आत्या बॅग घेऊन खाली आली, ती जिन्याखाली ठेवली आणि म्हणाली, "गाडी काढू नकोस. त्यांच्या भिंतीला ओल आहे. माझ्यामुळे आलीय. ती वाळल्याशिवाय मला जाता येणार नाही."

मिस्टर प्रिचर्ड यांच्या पुतण्याने त्यांना हवेतली ओल शोषून घेणारं एक मशीन आणून दिलं होतं. ते दिवसभर घरघरायचं आणि त्याच्या पोटातल्या छोट्या बादलीत पाणी साठायचं. आत्या रोज दुपारी चहाच्या वेळी तिथे जायची, भिंतीवर तळहात टेकवायची आणि बादली बघायची. बादलीत पाणी आहे तोवर भिंत ओली, असा तिचा हिशोब. एप्रिलमध्ये बादली भरत होती. मेमध्येही भरत होती, कारण इंग्लंडची हवाच तशी. आत्या थालीपिठं घेऊन जायची, मिस्टर प्रिचर्ड तिला बिस्किटं द्यायचे, आणि दोघं मशीनसमोर बसून आपापल्या भाषेत पुराच्या गप्पा मारायचे. घरी आई आता कामावरून येताना मेथी आणायची आणि आत्याच्या हातात द्यायची.

मग जून आला, आणि तोही असा कोरडा की गावातलं गवत पिवळं पडलं. एक दिवस आत्या परत आली आणि म्हणाली, "बादलीत आज वाटीभरच होतं." बाबांनी पेपर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. त्या रात्री जेवताना आत्या म्हणाली, "आता वाळलीच म्हणायची," आणि तिने ताटातला भात नुसता चिवडला. तिलाही जायचं नव्हतं हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पण एकदा शब्द दिला की दिला, आणि आपणहून "राहते" म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी वरच्या वाटेने न येता नदीच्या बाजूने आले. मिस्टर प्रिचर्ड बाहेर गेले होते. त्यांची किल्ली पुरापासून आमच्याकडे असायची. खिडकीतून मला त्यांच्या किचनमध्ये आई दिसली. कामावरून मध्येच आलेली, गळ्यात अजून फार्मसीचा बिल्ला. तिने नळाखाली मोजपात्र धरलं, ते डोळ्यांसमोर धरून पातळी तपासली, मशीनची बादली ओढली आणि त्यात पाणी ओतलं. मग जरा विचार करून आणखी एक मोजपात्र ओतलं. मला त्या क्षणी आईबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी खिडकीच्या काचेवर नाक दाबून तशीच उभी राहिले.

चहाच्या वेळी आम्ही तिघी तिथे गेलो. आत्याने भिंतीवर हात टेकवला. मग वाकून बादली बाहेर काढली. ती काठोकाठ भरली होती, उचलताना हिंदकळत होती. आत्याने त्या पाण्याकडे बघितलं, बाहेरच्या भाजून निघालेल्या गवताकडे बघितलं आणि मग आईच्या बाहीकडे, जी कोपरापर्यंत ओली होती.

"वन्सं, बघा ना," आई छताकडे बघत म्हणाली, "अजून किती निघतंय."

"निघतंय खरं," आत्या म्हणाली. ती बादली घेऊन मागच्या दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर थांबली आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "उद्यापासून जरा बेताने घाल, शुभा. एवढं पाणी बघितलं तर तो बिचारा पुन्हा शिट्टी घेऊन गल्लीभर पळत सुटेल."